सड्याचा आवाज

म्हातारं माणूस बरं आहे की नाही, हे आम्ही त्याच्या अंगणावरून ओळखायचो. ही युक्ती सिस्टरांची नव्हती, आम्हा बायकांची होती. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. आमच्या गावातली पोरं कामधंद्याला पुण्याकडे गेली आणि कितीतरी घरांत एकेकटं म्हातारं माणूस उरलं. अशांच्या घरी जाऊन त्यांचं करायचं काम सिस्टरांनी सुरू केलं आणि आम्हा काही बायकांना हाताशी घेतलं. कोणाचं डोकं धुऊन द्यायचं, कोणाची नखं काढायची, गोळी घेतली का ते बघायचं, पाय चोळून द्यायचे. ज्यांना चालवतं त्यांना दुपारी बुद्धविहाराच्या शेजारच्या खोलीत आणायचं. तिथे सिस्टर ब्लडप्रेशर बघतात, मग खिचडी आणि गप्पा.

सकाळी मात्र सगळ्यांना एकदा बघून यायचं असे. त्यासाठी सिस्टरांनी आधी मोबाईल वाजवायला सांगितलं. ते काही चाललं नाही. एक आजी मोबाईल ज्वारीच्या डब्यात ठेवायच्या. एक आजोबा बॅटरी संपेल म्हणून बंदच करून ठेवायचे. शेवटी आमच्यातली एक म्हणाली, "सिस्टर, फोन कशाला पायजे? सडा पडलाय का बघायचं. सडा पडला म्हंजी बाई उठली, हातपाय चालत्यात." एकटा पुरुष असेल तर त्याने अंगणातली बाज उचलून ठेवली आहे का ते बघायचं. सिस्टर हसल्या, पण त्यांनाही ते पटलं.

मला तर फार बरं वाटलं. कोणाच्या दारात उभं राहून हाक मारायची म्हटली की माझा आवाज घशातच राहतो. लहानपणापासून तसंच आहे. चौथीत शाळा सुटली आणि मग खुरपणी, कांद्याची लागण, उसाला पाणी. वाकून काम करणाऱ्याला फारसं बोलावं लागत नाही. आता पाटाच्या कडेने चालत जायचं, अंगण ओलं दिसलं की पुढे निघायचं. माझ्यासारखीला ह्याहून सोपं काम काय असणार?

ज्या आजींबद्दल मी लिहिते आहे, त्यांचं घर पाटाच्या पलीकडे, उसाला लागून आहे. अंगण एक आणि दारं दोन. एक दार आजींचं आणि दुसरं शेजारणीचं. आजी ख्रिस्ती आहेत. भिंतीवर क्रूस, त्याच्याजवळ नवऱ्याचा फोटो. ही माणसं मूळची तिसगावकडची. नवऱ्याला इकडे साखर कारखान्यात काम लागलं म्हणून आली आणि इथलीच झाली. नवरा गेला, मुलगा चाकणच्या कंपनीत लागला. तो आईला बोलवायचा, आजी जायच्या आणि आठ दिवसांत परत यायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिथं अंगनच न्हाई गं पोरी. चौथ्या मजल्यावर राहतो त्यो. सकाळी उठून मानसानं काय करायचं, भिताडाकडं बघायचं?"

त्यांचं एकच वागणं सिस्टरांना आवडायचं नाही. दिवस मावळला की त्या आतून दाराला वरची कडी लावायच्या आणि मधे लाकडी आडणाही घालायच्या. सिस्टर म्हणायच्या, "आजी, निदान आडणा तरी घालू नका. काही झालं तर आम्ही आत कसं यायचं?" आजी म्हणायच्या, "आन कुत्री आत आल्यावर मी काय करायचं?"

दिवाळी होऊन गेली होती, तुळशीची लग्नं अजून व्हायची होती. शेजारणीच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. घराला चुना दिला होता, दाराला नवा पडदा. त्या दिवशी माझी आजींचं डोकं धुवायची पाळी होती, म्हणून मी नेहमीसारखी पुढे न जाता अंगणात शिरले. अंगण ओलं होतं. दार लोटलं तर आतून बंद. कडी वाजवली. काहीच नाही. मी तशीच उभी राहिले. शेजारीण पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. तिचं बोलणं म्हणजे पाटाला पाणी सुटल्यासारखं.

"काय गं, उघडंना का? झोपल्या आसतील. काल बी दिसल्या न्हाईत, पाहुन्याच्या गडबडीत माझंच ध्यान न्हाई. पन उठल्या तर आसतील की, ह्यो बघ, सडा..."

आणि ती थांबली. ती बोलता बोलता थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते. हाताचं पीठ तिने पदराला पुसलं.

"आगं बाई. सडा तर मीच टाकलाय."

"कवा?"

"आज. काल बी. पाहुने येनार, मग सगळंच अंगन शिंपडून घेतलं. आर्धं वलं, आर्धं कोरडं, कसं दिसतं ते?"

ह्यात तिचं काय चुकलं? आमच्याकडे कोणीही तसंच केलं असतं. एका अंगणात दोन दारं असताना शेजारचं दार कोरडं ठेवून आपल्या दारात रांगोळी काढायची, हे बरं दिसत नाही. आपल्याकडे मंगल काम आहे तर म्हाताऱ्या माणसाच्या दारातही दोन तांबे पाणी पडू दे, एवढंच तिच्या मनात. आणि मी आदल्या सकाळी त्याच अंगणावरून, ते ओलं दिसलं म्हणून, पुढे गेले होते.

शेजारणीच्या नवऱ्याने पहार घातली आणि दार बिजागरीतून काढलं. आत अंधार होता. आजी न्हाणीजवळ कुशीवर पडलेल्या. गाल फरशीला टेकलेला, लुगडं पायांवर नीट ओढून घेतलेलं. मला वाटलं, संपलं. मग डोळे दिसले. उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी खाली बसून त्यांचा हात धरला. हात गार होता. त्यांनी दुसरा हात हळूहळू उचलून बोट ओठांवर ठेवलं.

"शू. हळू बोल. ती हाय भायेर."

"कोन, आजी?"

"माझी पोर. सडा टाकतीय."

दारात शेजारीण उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

गाडी करून आम्ही त्यांना नगरला नेलं. हाड मोडलेलं नव्हतं. मुका मार लागला होता आणि अंगातलं पाणी गेलं होतं. दवाखान्यात मुलगा येईपर्यंत आणि नंतरही पुष्कळ वेळ मीच जवळ होते. सलाईन लागलेलं, आजी छताकडे बघत पडलेल्या. मी काही विचारत नाही म्हणूनच असेल, त्या मला सांगत राहिल्या.

पहाटे न्हाणीत जाताना पाय सरकला. उठता येईना. "पडले तवा लई भ्याले," त्या म्हणाल्या. "मंग उजाडलं आन आवाज आला. तांब्या बादलीत बुडला. मंग सपकन पानी पडलं. मंग पुन्यांदा तांब्या. मी म्हनलं, ही कोन? तर तीच."

त्यांची मुलगी लहानपणी काविळीने गेली. त्याला आता इतकी वर्षं झाली की मुलाशिवाय कोणाला ते माहीतही नव्हतं. घरात तिला सगळे 'बाय' म्हणायचे. तिकडे तिसगावच्या बाजूला दुष्काळ होता, टँकरचं पाणी. आणि त्या पोरीला सड्याची भारी हौस. शाळेत जायच्या आधी अर्धा तांब्या का होईना, दारात शिंपडायची.

"मी वरडायची तिच्यावर. मानसाला प्यायला न्हाई आन तू मातीला पाज. एकदा तांब्या हिसकून घेतला हातातला. रडली न्हाई. नुसतं बघितलं माझ्याकडं. त्याच वरसाला गेली."

मी म्हटलं, "आजी, तुमी हाक का न्हाई मारली? शेजारनीनं ऐकली आसती."

"आन हाक मारल्यावर ती गेली आसती तर?"

म्हणून त्या पडून राहिल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा तांब्याचा आवाज आला, तेव्हाही गप्प पडून राहिल्या. श्वाससुद्धा हळू घेत होत्या, असं त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मला आनंदच म्हणावं लागेल.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी ती विचारायला नको होती. पण विचारली. "आजी, पन ती तर तिसगावकडं आसतानाच गेली. ह्ये घर तिनं बघितलंच न्हाई."

"व्हय की. मी बी त्योच इचार करीत हुते पडल्या पडल्या." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "हुडकलं आसंल तिनं. वरसं लागली, पन हुडकलं."

आमच्या घरात भूतखेत हा विषयच नव्हता. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा काढून टाकला, त्याच्याबरोबर भुतंही गेली, असं वडील हसून सांगायचे. मी लहानपणी अंधारात जायला घाबरले तर म्हणायचे, "तिथं काय हाय ते दिवा घेऊन बघून ये." मी बघून यायचे. काही नसायचं. तरी त्या दिवशी दवाखान्यात भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. रस्ता चुकत, दारं चुकत, कोणालाही न विचारता एक लहान पोर इतकी वर्षं आईचं घर शोधते आहे, हे माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. अजूनही जात नाही.

चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी प्रार्थना केली आणि समजावलं, "आजी, तुमची मुलगी प्रभूजवळ आहे."

"हाय ना," आजी म्हणाल्या. "प्रभूजवळच असती. सकाळची येऊन जाती."

पाळकसाहेबांनी पुन्हा एकदा प्रार्थना केली.

मुलगा बाहेर बाकावर सिस्टरांशी बोलत होता. त्याचे डोळे लाल होते. "मी तिला घेऊन जातो. तुमचे उपकार आहेत, पण दार बंद करून ती आत पडली आणि तुम्ही सगळे अंगण बघत बसलात."

सिस्टरांनी चूक नाकारली नाही. "आता अंगण नाही, माणसाचं तोंड बघायचं," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ आमची बाई आत जाईल. पण आजींना विचारा. तुमच्याकडे त्या राहतील का?"

तो आत आला. "आई, माझ्याकडे चल."

"तिकडं ती कशी येईल?" आजी म्हणाल्या. "हे घर हुडकायला तिला एवढी वरसं लागली."

मग तो म्हणाला, "नाताळापर्यंत बघतो. कडी लावायची नाही, आडणा तर नाहीच. आणि पडलीस, दुखलं, काही झालं तर हाक मारायची. हाक मारशील?" आजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. "एकदा जरी कडी लावली, एकदा जरी गप्प पडून राहिलीस, तर मी गाडी घेऊन येणार. मग तुझं ऐकणार नाही." त्याचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. पण आजींना चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं तर त्या किती दिवस काढतील, हेही मला दिसत होतं.

घरी आणल्यावर शेजारणीला राहवेना. आजींच्या पायाशी बसून ती रडायला लागली. "मावशी, त्यो सडा मी टाकला हुता वो. मीच हुते ती."

आजींनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू? तुझा सडा मला ठावं न्हाई व्हय? बादलीच फेकतीस तू, म्हस धुतल्यावानी. ही हातानं शिंपडत हुती. बारीक बारीक."

"पाहुने येनार हुते म्हनून मी बी हातानंच..."

"ऊठ. जा, भाकरी कर तुझ्या नवऱ्याला."

बाहेर आल्यावर शेजारीण मला कोपऱ्यात घेऊन गेली. "आगं, पाहुने आले त्या दिशी मी टाकला, ते मला पक्कं याद हाय. पन त्याच्या आदल्या दिशी समदीकडं टाकला का माझ्याच दारात, ते मला काय केल्या आठवंना." मी दोन्ही सकाळी अंगण आजींच्या दारापर्यंत ओलं बघितलं होतं. आदल्या दिवशी ओलं नसतं तर मी थांबले असते. मी तिला ते सांगितलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

कडीचा प्रश्न तसाच होता. संध्याकाळ झाली आणि आजी काठी टेकत दाराकडे निघाल्या. सिस्टर समजावत होत्या, चिडत होत्या, मुलाच्या बोलण्याची आठवण करून देत होत्या. आजी म्हणाल्या, "नेऊ द्या त्याला. पन उघड्या दारात मी झोपनार न्हाई." त्यांचा हात कडीवर होता. मी भिंतीला टेकून उभी होते. चार माणसांत मी कधी बोलत नाही. तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आजी, ती सडा टाकून दारातनंच परत जाती. कडी आसल्यावर आत कशी येईल?"

आजींचा हात तिथेच राहिला. मग खाली आला. त्या बाजेवर जाऊन पडल्या. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर शाबासकीची होती की दुसरी कसली, मला कळलं नाही. घरी जाताना पाटाच्या कडेने ऊस वाऱ्याने हलत होता आणि मी एकदाही मागे बघितलं नाही.

त्या दिवसापासून दार नुसतं लोटलेलं असे. सकाळी मी दार ढकलायचे तेव्हा आजी जाग्या असायच्या, तोंड दाराकडे करून. दार हललं की त्यांचा चेहरा फुलायचा. मी आत पाऊल टाकलं की तो विझायचा.

"तू व्हय," त्या म्हणायच्या.

रोज. चहा करून दिला की खुशाल बोलायच्या, पाय चोळताना चेष्टाही करायच्या. "लगीन झाल्यावर नवऱ्याशी तरी बोललीस का गं, का त्याला बी खुनाच केल्या?" पण दार उघडतानाचं ते एक क्षणाचं बघणं मी घरी घेऊन यायचे. माझा नवरा गेल्यापासून माझी वाट कोणी बघतच नाही, त्यामुळे वाट बघून मला 'तू नव्हे' असंही कोणी म्हटलेलं नाही. इथे मात्र रोज सकाळी मी 'ती नव्हे' अशी एक बाई असायचे.

अंगण कोरडं पडलं होतं. आजींना वाकवत नव्हतं. शेजारणीने तर सडा टाकायचाच सोडला. तिच्या स्वतःच्या दारातसुद्धा धूळ. म्हणायची, "तांब्या घेतला की हातच वर होत न्हाई." त्याऐवजी ती सकाळी उठून अंगणातूनच ओरडायची, "मावशी, उठल्या का वो?" एका सकाळी मी पोचले तर आत आजींचा आवाज चढलेला. "तू वरडतीस म्हनून ती येत न्हाई! कावळ्यावानी दारात बसतीस आन हाकलतीस माझ्या पोरीला!" शेजारीण रडत आपल्या घरात गेली. ती चांगली बाई आहे. तिने हे मनात ठेवलं नाही, पण त्यानंतर ओरडलीही नाही.

आजी जेवेनाशा झाल्या. भाकरीचा तुकडा हातात धरून बसायच्या. "आज बी न्हाई आली." सिस्टर वजन बघून काळजीत पडल्या. त्याहून मोठी काळजी दुसरीच होती. एकदा संध्याकाळी मी गेले तर आजी बाजेखाली बसलेल्या होत्या. दुपारी उतरताना घसरल्या होत्या आणि तशाच बसून राहिल्या होत्या. शेजारीण पलीकडेच भांडी घासत होती. हाक मारली असती तर तिने ती ऐकली असती.

"आजी, हाक मारायची ठरली हुती ना?"

"कोनाला मारू?" त्या म्हणाल्या.

मी हे सिस्टरांना सांगितलं. सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं तर मला मुलाला फोन करावा लागेल." नाताळ जवळ आला होता.

उसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. ट्रॅक्टर गेला की धुळीचा लोट अंगणावर यायचा. एका सकाळी मी अंगणात शिरले तर चपलेचे ठसे उमटतील एवढी धूळ. आजींची बादली दाराशीच होती, पाण्याने भरलेली. मी काही ठरवून केलं नाही, एवढं मला लिहायचं आहे. धूळ बसावी म्हणून मी तांब्या बुडवला आणि हाताने पाणी शिंपडायला लागले. दुसरा तांब्या भरला तेव्हा आतून आवाज आला.

"बाय?"

माझा हात वरच राहिला. त्या हाक मारत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा कोणाला तरी हाक मारत होत्या.

"बाय, तू हायस का गं?"

"ओ," मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं. ज्या आवाजाने मी कधी कोणाच्या दारात हाक मारली नाही, तो आवाज असा सहज बाहेर आला की मलाच ओळखू आला नाही. पलीकडे शेजारणीच्या दाराचा पडदा हलला आणि स्थिर झाला. थोडा वेळ थांबून मी आत गेले. आजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, किती दिसतं ते त्या कधी खरं सांगत नाहीत. त्या 'तू व्हय' म्हणाल्या नाहीत. चहा मागितला. मग दिवसभर नेहमीसारखं मला पोरी म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सडा टाकला, आणि पुन्हा हाक आली. मग रोजचंच झालं. आजी जेवायला लागल्या. एका दुपारी पाय आखडला तेव्हाही त्यांनी हाक मारली, 'बाय' म्हणूनच. शेजारीण ओ देत धावली आणि तिने पाय सोडवून दिला. सिस्टरांना मी एवढंच सांगितलं, की आजी आता हाक मारतात. "बघ," त्या म्हणाल्या, "सवय लागली ना?" कोणाला मारतात ते त्यांनी विचारलं नाही.

पण मला त्याचं ओझं झालं. घरात सून 'आत्या' म्हणून हाक मारते, तेव्हा मी क्षणभर गप्प राहते, ही मला आहे की दुसऱ्या कोणाला ते कळत नाही. एखाद्या दुपारी भांडी घासताना, कोणी हाक मारलेली नसताना, ओ म्हणते. ती पोर कशी होती, मला काही माहीत नाही. तिचा एक फोटोही नाही. आणि तिच्या आईला मी रोज तिची ओ देते. तिने खरंच घर शोधलं असेल आणि दारात येऊन ऐकलं असेल, की आत कोणीतरी आधीच उत्तर देत आहे, तर? वडील असते तर म्हणाले असते, दिवा घेऊन बघून ये. पण ह्याला दिवा कुठे धरायचा? कधी कधी मी बादलीजवळ पोचायच्या आधीच, पाण्याचा एक थेंब पडलेला नसताना, आतून हाक येते. आजींना माझ्या पायांची चाहूल लागत असेल. मी तसंच धरून चालते.

नाताळच्या सकाळी रस्त्यावर मुलाची गाडी उभी दिसली. तो रात्रीच आला होता. दारावर कागदाची चांदणी टांगली होती, शेजारणीने करंज्यांचा डबा उंबऱ्याशी आणून ठेवला होता. मला परत फिरावंसं वाटलं. पण सडा पडला नसता तर आजी वाट बघत राहिल्या असत्या. मी जमेल तितक्या हळू तांब्या बुडवला आणि पाणी शिंपडलं.

"बाय?" आतून आलं.

"ओ," मी हळूच म्हटलं.

दार उघडलं आणि मुलगा बाहेर आला. केस विस्कटलेले, अंगावर शाल. त्याने दार मागे ओढून घेतलं.

"ओ कोण म्हणालं?"

"मी."

"आई आमच्या ताईला बाय म्हणायची." तो माझ्या हातातल्या तांब्याकडे बघत होता. "हे रोज चालतं?"

मी मान हलवली.

"सिस्टर फोनवर सांगतात, आई छान हाक मारते म्हणून. ती ही हाक?" त्याचा आवाज दबलेला होता, पण राग होता त्यात. "तुम्ही माझ्या आईला फसवताय. मेलेल्या पोरीच्या नावाने. हे बरोबर आहे का?"

हेच मी रोज पाटाच्या कडेने स्वतःला विचारत येत होते.

"बाय? गेलीस का?" आतून आजी म्हणाल्या.

आता तो समोर असताना मी कशी ओ देणार? त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"बाय गं?" आवाज पातळ झाला होता. आत बाज करकरली. आजी उठायला बघत होत्या. काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मुलाने दाराला हात लावला. तो आत जाईल असं मला वाटलं. पण तो तसाच उभा राहिला, हात दारावर, पाठ माझ्याकडे. बाज पुन्हा करकरली.

"द्या ना ओ," तो म्हणाला.

"ओ!" मी म्हटलं. "हाय मी. उठू नका."

आत शांत झालं. मग आजींचं पुटपुटणं ऐकू आलं, नेहमीचं, सकाळची प्रार्थना म्हणतानाचं. मुलगा पायरीवर बसला. तो ओल्या मातीकडे बघत होता.

"ती अशीच बोलायची का, मला आठवत नाही," तो म्हणाला. "मी लहान होतो."

संध्याकाळी तो एकटाच चाकणला गेला.